ट्रक कधी यावा? – रस्ता वाटून घेण्याचा पाठ



परिसर अभ्यासात 'वाहतूक' हा घटक आपण सगळेच शिकवतो. लाल दिवा लागला की थांबा, डावीकडून चाला, झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडा. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. आमच्या हेमलकशाच्या बाजूच्या बहुतेक मुलांनी सिग्नल फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलाय. म्हणून यंदा मी हा घटक जरा उलटा शिकवायचं ठरवलं. सुरुवात सिग्नलपासून न करता ट्रकपासून केली. कसं केलं ते सविस्तर सांगते. तुमच्या गावात, शहरात हा पाठ जसाच्या तसा घेता येईल.

पाठाची सुरुवात कुठून झाली?

आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजार म्हणजे आमच्याकडे काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. मीठ, सुकी मासळी, कपडे, भांडी, मोहफुलं, चारोळी, आणि दहा-पंधरा किलोमीटर चालत आलेली माणसं. एका दुकानासमोर मालाचा ट्रक उभा होता, पोती उतरत होती. समोरच्या बाजूला दुसरी गाडी लागली. मधे एसटी अडकली आणि एसटीच्या मागे रुग्णवाहिका. भोंगा वाजतोय, पण हटणार कोण आणि कुठे? पंधरा-वीस मिनिटं गेली. मी तिथेच होते. रुग्णवाहिकेत कोण होतं ते मला कळलं नाही, पण तो भोंगा रात्रीपर्यंत कानात होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "काल बाजारात काय पाहिलं?" सगळ्यांनी तेच सांगितलं. एक मुलगा ठामपणे म्हणाला, "मॅडम, ट्रकला बाजारात येऊच देऊ नये."

लगेच एक मुलगी उठली. "मग आपल्या शाळेचा तांदूळ कसा येणार?"

वर्ग गप्प झाला. मी फळ्यावर दोनच वाक्यं लिहिली. 'माल आला पाहिजे.' 'रस्ता मोकळा राहिला पाहिजे.' खरं सांगायचं तर मुंबई-पुण्यापासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्या शहरांचे वाहतूक अधिकारी याच दोन वाक्यांशी झगडत असतात.

कृती १ : फरशीवरचा रस्ता

साहित्य फार लागत नाही. खडू, जुना पुठ्ठा, कात्री, मोजपट्टी. प्रमाण ठेवा : १ मीटर म्हणजे १० सेंटिमीटर.

दोन पदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो, म्हणून फरशीवर ७० सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा मारा. ट्रक आणि एसटी साधारण अडीच मीटर रुंद, म्हणजे २५ सेंटिमीटरचे पुठ्ठे. रुग्णवाहिकेसाठी २० सेंटिमीटरचा पुठ्ठा. आता मुलांना गाड्या लावू द्या.

एका बाजूला एकच ट्रक : ७० वजा २५, उरले ४५. रुग्णवाहिका आरामात जाते.
दोन्ही बाजूंना समोरासमोर ट्रक : ७० वजा ५०, उरले २०. रुग्णवाहिकेचा पुठ्ठा बरोब्बर बसतो. मुलं टाळ्या वाजवतात. तेव्हा विचारा, "गाडीचे आरसे कुठे गेले? मधून चालणारी आजी कुठे गेली?"
एक पदरी रस्ता, ३.७५ मीटर : एकच ट्रक उभा राहिला तरी सव्वा मीटर उरतो. मोटारसायकल जाईल, रुग्णवाहिका नाही.

वजाबाकी इतक्या मन लावून केलेली मी आधी पाहिली नव्हती. आणि मुलांना एक गोष्ट स्वतःच कळली. दोन पदरी रस्त्यावर अडथळा एका ट्रकने होत नाही, दुसरा ट्रक समोर लागला की होतो. शहरात 'पी-१' आणि 'पी-२' असे फलक असतात, ते याचसाठी. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. सम-विषम संख्या शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

थोडी माहिती : लोकांनी कोणकोणते उपाय केले?

रस्ता रुंद करावा, हे पहिलं उत्तर प्रत्येक मूल देतं. इथे चंद्रपूरचं उदाहरण सांगा. गोंड राजांच्या काळातल्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. त्यातल्या जटपुरा गेटपाशी किती गर्दी होते ते चंद्रपूरला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता तो दरवाजा काही पाडून रुंद करता येत नाही, तो आपला वारसा आहे. मग उरतात चार वाटा.

१. वेळ बदलणे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये ज्युलियस सीझरच्या काळच्या कायद्याने दिवसा मालाच्या गाड्यांना शहरात बंदी घातली होती. सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत गाडी आणायची नाही. देवळांच्या बांधकामाचं सामान आणि शहरातला कचरा वाहणाऱ्या गाड्यांना सूट होती. आज मुंबईतही दिवसाच्या ठराविक वेळांत जड वाहनांना बंदी असते, आणि तिथेही दूध, भाजीपाला, पिण्याचं पाणी, इंधन यांना सूट मिळते. नियम आणि नियमाला अपवाद, दोन्ही तेव्हापासून बरोबरच आहेत.

२. जागा बदलणे. मुंबईचे घाऊक बाजार दाटीच्या भागातून नवी मुंबईत वाशी-तुर्भ्याला गेले. पुण्यात मंडईतला घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला.

३. वाहन बदलणे. मुंबईचे डबेवाले बघा. लोकलने डबे येतात आणि पुढे सायकलवर, हातगाडीवर किंवा डोक्यावर जातात. ऑफिसच्या दारात मोठी गाडी उभी करावीच लागत नाही.

४. बाजू ठरवणे. वर सांगितलेले पी-१, पी-२.

आणि हे काही फक्त शहरांचं शहाणपण नाही बरं का. पर्लकोटेला पूर आला, पूल पाण्याखाली गेला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण किती पावसाळे पाहिलंय. म्हणून दुर्गम गावांचं रेशनचं धान्य पावसाळ्याआधीच पोचवून ठेवतात. रस्ता मोकळा आहे तोवर माल आणून ठेवायचा. मी मुलांना म्हटलं, "वेळ बदलणं म्हणजे हेच की!" तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. रोमची गोष्ट एकदम आपली झाली.

कृती २ : बाजाराचा नियम करा

मुलांचे पाच गट करा : दुकानदार, ट्रकचालक, एसटीचे प्रवासी, रस्त्याकडेला बसून विकणाऱ्या बाया आणि रुग्णवाहिका. प्रत्येक गटाने आपली अडचण सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून नियम करायचा.

आमच्या वर्गाचा पहिला नियम पाच मिनिटांत तयार झाला : 'ट्रकने रात्री यावे.' सगळे खूश. रात्री बाजार नाही, एसटी नाही, भांडण नाही.

मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "माझे बाबा पोती उतरवतात. रात्री ट्रक आला तर बाबा घरी कधी येतील?"

खरं सांगते, गट पाडताना हमालांचा गट करायचं मलाच सुचलं नव्हतं. चूक माझी. लगेच सहावा गट केला आणि तिला त्याची प्रमुख केलं. तुम्ही हा पाठ घ्याल तेव्हा ही चूक करू नका.

बघा, मोठमोठ्या शहरांतही हाच प्रश्न आला. रोममध्ये गाड्या रात्री येऊ लागल्या तेव्हा त्यांच्या खडखडाटाने झोप लागत नाही अशी तक्रार जुव्हेनल या कवीने केली. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी ७ ते पहाटे ६ या वेळेत माल पोचवायचा प्रयोग झाला. ट्रकवाल्यांना तो सोयीचा होता, पण माल उतरवून घ्यायला दुकानात रात्री माणूस ठेवायचा कोणी आणि त्याचा खर्च कोणाचा, इथे गाडी अडली. अडचण नाहीशी होत नाही, ती एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. आमच्या पाठात तर ते अक्षरशः खरं ठरलं.

गणिताची जोड

ट्रकमध्ये ५० किलोची १८० पोती आहेत, म्हणजे ९ टन. एका पोत्याला एका हमालाला २ मिनिटं लागतात. हमाल चार. किती वेळ लागेल?
१८० × २ = ३६० मिनिटं, भागिले ४ = ९० मिनिटं.

आता रस्ता मोकळा ठेवायला ट्रक थोडा दूर मैदानात उभा केला. प्रत्येक पोत्यामागे १ मिनिट वाढलं. मग?
१८० × ३ = ५४०, भागिले ४ = १३५ मिनिटं.

रस्ता मोकळा झाला, पण पाऊण तास वाढला. तो पाऊण तास कोणाच्या पाठीवर? मुलांनी उत्तर दिलं नाही, सगळे त्या मुलीकडे बघायला लागले. शेवटी एकाने विचारलं, "हातगाडी दिली तर?"

कायदा काय सांगतो?

वरच्या वर्गांना एवढं सांगायला हरकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर ठराविक वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालता येते. बंदी महिन्याहून जास्त काळाची असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते, कमी असेल तर स्थानिक पातळीवर लोकांना कळवावं लागतं. गाड्या थांबवायच्या जागा ठरवण्याची तरतूद कलम ११७ मध्ये आहे आणि त्यासाठी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायची असते. रस्त्यात अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी सोडून जाणं कलम १२२ ने मना आहे. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

'लोकांना कळवणे' आणि 'सल्लामसलत' हे दोन शब्द फळ्यावर ठळक लिहा. नियम करणाऱ्याने आधी विचारायचं असतं, हे मुलांना लहानपणीच कळलेलं बरं.

शेवटी नियम काय ठरला?

आम्ही विचारायला गेलो. मुलांनी घरी, दुकानात, बाजारात विचारलं. एका दुकानदार पालकांनी सांगितलं, "सकाळी आठच्या आत ट्रक कसा येईल? तो चंद्रपूरहून निघतो. आलापल्लीपासून पुढे जंगलाचा रस्ता, ड्रायव्हर रात्री चालवायला तयार होत नाही." बरोबरच आहे. मग मुलांनी नियम पुन्हा बदलला. आमच्या भिंतीवर आता हा तक्ता लावलाय :

• बाजाराचा माल आदल्या दिवशी, उजेड आहे तोवर उतरवावा.
• बाजाराच्या दिवशी आलाच तर ट्रक एकाच बाजूला थांबेल, समोर दुसरी गाडी लागणार नाही.
• ट्रक दूर उभा करायचा असेल तर हमालांना हातगाडी द्यावी.
• माल उतरेपर्यंत चालक गाडी सोडून चहाला जाणार नाही. भोंगा ऐकला की गाडी पुढे घेईल.
• औषधं आणि शाळेचा तांदूळ यांना सूट. पण रुग्णवाहिकेपुढे कोणालाच सूट नाही.

चौथा नियम त्या 'ट्रक येऊच देऊ नये' म्हणणाऱ्या मुलानेच सुचवला. हा तक्ता म्हणजे काही सरकारी अधिसूचना नाही. बाजारात अजून सगळं पूर्वीसारखंच चालू आहे. पण दोन दुकानदार पालक तक्ता बघायला शाळेत आले, हातगाडीवर बराच वेळ बोलले. त्यांना नगर पंचायतीकडे घेऊन जायची मुलांची इच्छा आहे. बघू.

पालकांसाठी घरचा अभ्यास

मुलांसोबत एवढंच करा. घरातली एक वस्तू घ्या, मिठाची पिशवी चालेल. ती आपल्या घरी कुठून आली, कोणत्या गाडीने, किती वाजता, कोणी उतरवली, आणि ती उतरत असताना रस्त्यावर कोण थांबून राहिलं होतं? उत्तरं वहीत लिहायला सांगा. ट्रक अडवतो म्हणून चिडणं सोपं आहे, मी पण त्या दिवशी चिडलेच होते. पण त्यात आपलंच मीठ असतं.

तुम्ही पाठ घेतलात तर तुमच्या मुलांनी कोणता नियम केला ते जरूर कळवा. आणि हो, हमालांचा गट आठवणीने करा.