जहाजावर माणसं किती?

माझा धंदा कोंबड्यांचा. करमाडजवळ दोन शेड आहेत, ब्रॉयलरचे. नवी बॅच टाकताना पहिला हिशेब एकच असतो: एका पक्ष्याला एक चौरस फूट जागा. लोभापायी जास्त पिल्लं टाकली की मरतूक वाढते, हे वीस वर्षांत अंगवळणी पडलेलं. आणि हाच माणूस आयुष्यातली सर्वांत महागडी सहल ठरवताना जहाजावर किती माणसं असणार, हे विचारायला विसरला. मेनूकार्ड मात्र नीट वाचलं होतं.

पेंग्विन बघायचं खूळ सौभाग्यवतींचं. मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ मध्ये पेंग्विन बघायला मिळू लागले, तेव्हा आम्ही नातवाला घेऊन गेलो होतो. काचेमागचे ते पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांचा बर्फाशी संबंध नाही. हिला ते पटेना. "बर्फावरचे बघायचेत," म्हणाली. मग जानेवारी २०२५ मध्ये अंटार्क्टिकाला निघालो.

शहरातल्या एका एजंटाने फोटो दाखवले. त्यात ते उंच, छातीवर पिवळसर झाक असलेले एम्परर पेंग्विन होते. पहिली गोष्ट इथंच लक्षात ठेवा. नेहमीच्या उन्हाळी सहलीत एम्परर दिसत नाहीत. त्यांची वीण हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर होते आणि त्यांच्या वसाहती या जहाजांच्या वाटेवर नाहीत. नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर भेटतात ते जेंटू, अ‍ॅडेली आणि चिनस्ट्रॅप. गुडघ्याएवढे, ठेंगणे, भांडखोर. बघण्यासारखेच असतात, पण फोटोतले नव्हेत.

आता माणसांचं. अंटार्क्टिकावर कोणाची मालकी चालत नाही, १९५९ च्या करारावर तिथला कारभार चालतो. त्याखाली ठरलेल्या नियमाप्रमाणे ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने एकालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही. लहान जहाजांनीही एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत आणि दर वीस जणांमागे एक वाटाड्या हवा. आमच्या जहाजावर प्रवासी होते ४२०. हा आकडा ऐकूनच सावध व्हायला हवं होतं, पण तो कळला चढल्यावर.

हिशेब मांडून बघा. ४२० म्हणजे पाच गट. एक गट उतरणार, तासभर फिरणार, परत येणार, मग दुसरा. दिवसातून आपली पाळी एकदाच. सहल अकरा दिवसांची, पण उशुआया या अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या बंदरातून ड्रेक पॅसेज ओलांडायला दोन दिवस जायला, दोन यायला. चढण्या-उतरण्याचे दिवस वजा केले की बर्फाजवळ उरतात चार-पाच दिवस. त्यातल्या दोन दिवशी वाऱ्याने होड्या पाण्यात सोडताच आल्या नाहीत. एके दिवशी नुसतं होडीतून फिरवलं. म्हणजे सतरा लाख रुपयांत आम्हा दोघांच्या पायांना अंटार्क्टिका लागला तो एकदाच, क्यूव्हरव्हिल नावाच्या बेटावर, तासाभरासाठी. शे-सव्वाशे प्रवाशांच्या जहाजावर हवा चांगली असली तर दिवसातून दोनदा उतरायला मिळतं. त्याचं भाडं जास्त असतं हे खरं. पण दर उतरण्यामागे किती पडतात हे काढलं असतं तर तेच स्वस्त निघालं असतं. किलोमागे खर्च काढणाऱ्या माणसाला हे सुचू नये!

आणि एजंटाने "रोज पेंग्विन" असं सांगितलं तर ते लिहून मागा. तो देणार नाही, कारण वारा त्याच्या हातात नाही. पण विचारल्यावर त्याचा चेहरा बघायला मिळतो.

खोलीचंही चुकलं. महाग ती चांगली म्हणून वरच्या मजल्यावरची, बाल्कनीवाली घेतली. ड्रेकमध्ये जहाज डोलायला लागलं की सर्वांत जास्त झोका वरच्या मजल्याला. एसटीच्या मागच्या सीटवर बसून घाट उतरण्यासारखं, तेही दोन दिवस. खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर असलेली स्वस्त खोली तिथं जास्त सुखाची. उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, लाटा लागायच्या आधी घ्यायची. कोणती घ्यायची ते बीपी-शुगरच्या गोळ्या दाखवून घरच्या डॉक्टरांनाच विचारा. आवळा सुपारीचा डबा मी नेला होता, तो शेवटी बाजूच्या खोलीतल्या जर्मन जोडप्याने संपवला.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. थंडी वाटते तेवढी नसते, उन्हाळ्यात तिथं पारा शून्याच्या आसपास. त्रास ओलं होण्याचा आणि वाऱ्याचा. मी मुंबईहून जाडजूड महागडं जॅकेट घेतलं आणि जहाजाने जॅकेट आणि गमबूट दोन्ही दिले. बऱ्याच जहाजांवर देतात, आधी विचारा. पाणी न झिरपणारी पँट आणि हातमोज्यांचे दोन जोड मात्र आपले हवेत. रबरी होडीत चढता-उतरताना हात नव्हे, मनगटाच्या वर एकमेकांना धरायचं असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधाराशिवाय चढता येत असेल तर ही होडीही जमेल. हिचे गुडघे दुखतात, तरी तिला माझ्याआधी जमलं.

उतरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची झडती. पिशव्या, मोजे, बुटांचे तळ, वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या, सगळं व्हॅक्यूम क्लीनरने साफ करायचं. माझ्या पिशवीच्या चिकटपट्टीत कुसळं निघाली. करमाडच्या बांधावरची, कुसळी गवताची! तपासणाऱ्या पोरीने चिमट्याने एकेक उपसून कागदावर ठेवली. मला हसू आलं, तिला आलं नाही. पोआ अ‍ॅनुआ नावाचं साधं गवत माणसांच्या वावराबरोबर तिथल्या किंग जॉर्ज बेटावर पोचून रुजलंय, ते काढता काढता लोकांच्या नाकी नऊ आलेत. तेव्हा शेतात, शेडवर वापरलेली पिशवी किंवा बूट नेऊच नका.

होडीत बसण्याआधी जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बूट बुडवायचे, परतल्यावर पुन्हा. बाकीचे कुरकुरले, मला घरी आल्यासारखं वाटलं. माझ्या शेडच्या दारातही तसाच ट्रे आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा इकडं निरोगी कोंबडीही कोणी फुकट घेईना, तेव्हापासूनचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच रोग अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या स्कुआ पक्ष्यांत सापडला. म्हणून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. खायलाही काही न्यायचं नाही.

आणि तो तास? वास आधी आला. हिने नाकाला पदर लावला, मी म्हटलं, "अगं, हे तर आपलंच खत." कोळंबीसारखे बारीक क्रिल खाऊन विष्ठा गुलाबी, त्यामुळे बर्फही गुलाबी. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, पण तो स्वतःहून आला तर हलायचं नाही. एक जेंटू माझ्या बुटाशी येऊन उभा राहिला आणि निघून गेला. दगडांची घरटी, शेजाऱ्याचा दगड चोरून आणणारे नवरे. बर्फात त्यांच्या येण्या-जाण्याच्या पायवाटा पडलेल्या, त्यांवर आपण पाऊल टाकायचं नाही. आपला पाय खोल रुतला तर तो खड्डा बुजवायचा, नाहीतर पिल्लू त्यात पडतं. दोन भुकेली पिल्लं आईमागे धावत होती आणि आई पुढं पळत होती. ही म्हणाली, "अहो, हे बघा, आपली धाकटी अशीच होती." एवढ्यात त्या झडतीवाल्या पोरीने हाक दिली, वेळ संपली.

पैशाचं राहिलं. सतरा लाखांचं बिल मी एकट्याच्या नावावर केलं. परदेशी सहलीवर तेव्हा सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस हा आगाऊ कर कापत, म्हणजे २ लाख ३५ हजार. दोघांच्या पॅनवर साडेआठ-साडेआठ लाखांची बिलं केली असती तर १ लाख ३० हजारांत भागलं असतं. विवरणपत्रात ते परत मिळतं, पण तोवर पैसा अडकतो आणि शेडला खाद्य उधारीवर घ्यावं लागतं. दर नंतर बदललेत, तुमच्या वेळचा विचारून घ्या.

आमचं विमान अदिस अबाबावरून होतं. आफ्रिका, ब्राझीलमार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस घ्या. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. परत येताना तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. साठी ओलांडलेल्यांना ही लस बाधू शकते, म्हणून तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांकडे जा. आम्ही तिकिटं आधी काढली होती. विम्यात जहाजावरून दवाखान्यापर्यंत हलवण्याचा खर्च धरलाय का, तेही वाचा.

गावात अजून विचारतात, आपलं मैत्री केंद्र दिसलं का? नाही. १९८९ चं मैत्री आणि २०१२ चं भारती ही भारताची दोन्ही संशोधन केंद्रं त्या खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला आहेत. औंधच्या पंत घराण्यातल्या अदिती पंत १९८३-८४ च्या मोहिमेत गेल्या त्याही तिकडंच, आणि संशोधनासाठी. आम्ही आपले सहलीचे.

परवा शेंद्र्याहून एक ओळखीचा पत्रक घेऊन आला. पोहण्याचा तलाव, नाटकघर, सहा प्रकारची जेवणं, भाडं आमच्या निम्मं. मी चष्मा लावून बारीक अक्षरं शोधली. प्रवासी तीन हजार.

"यात पेंग्विन कुठं?" मी विचारलं.

"डेकवरून दिसतील म्हणे, दुर्बिणीने."

"भायखळ्याला जा," म्हटलं, "तिथं काचेला नाक लावून बघता येतं."