आधी दगडफूल की आधी फूल?

ईव्हीएसच्या पुस्तकातली ‘सक्सेशन’ची आकृती आपल्याला पाठ आहे. उघडा खडक, त्यावर दगडफूल (हो, गोड्या मसाल्यातलंच), मग शेवाळ, गवत, झुडपं आणि शेवटी जंगल. मार्क हमखास.

ही शिडी अमेरिकेच्या फ्रेडरिक क्लेमेंट्सने 1916 मध्ये पक्की केली. त्याच्या मते वनस्पतींचा समूह जणू एकच सजीव. हवामानानुसार ठरलेल्या रूपाला तो शेवटी पोचणारच. हेन्री ग्लीसनला हे पटेना. 1926 मध्ये त्याने लिहिलं की प्रत्येक जात आपापल्या गरजेनुसार आणि बी तिथवर पोचलं तरच वाढते. म्हणजे क्लेमेंट्सचं हॉस्टेल हे एकत्र कुटुंब, आणि ग्लीसनचं नुसती अ‍ॅडमिशन लिस्ट!

कोण बरोबर, हे बघायला कोरी पाटी हवी. नोव्हेंबर 1963 मध्ये आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून ज्वालामुखीने सुर्त्से बेट वर आणलं. तिथे शास्त्रज्ञांशिवाय कोणाला जाऊ देत नाहीत. मजा अशी की 1965 मध्ये पहिलं उगवलं ते मोहरीच्या कुळातलं फुलझाड, बी समुद्रातून वाहत आलेलं. शेवाळ दिसलं 1967 मध्ये आणि दगडफूल थेट 1970 मध्ये! शिडी उलटीच.

पुढे बरीच वर्षं फार काही वाढलं नाही, कारण मातीत नायट्रोजनच नव्हता. 1980 च्या दशकाच्या मध्यात सीगल, म्हणजे कुरव पक्षी, वस्ती करून राहिले. त्यांची विष्ठा हेच खत, आणि काही बियाही त्यांनीच आणल्या. वस्तीभोवती हिरवंगार गवत झालं, बाहेरचा लाव्हा मात्र उजाडच. पाऊस तोच, हवामान तेच, तरी समूह दोन. मला तरी ग्लीसनचं पारडं जड वाटतं.

आपल्याकडे हा वाद नुसता परीक्षेपुरता नाही. माळरान म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल, असं धरून तिथे झाडं लावली जातात. पण माळावर काळवीट, लांडगे राहतात, टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. झाडी दाटली की यांनी जायचं कुठे?

या पावसाळ्यात एनएसएस कॉलेजमागच्या माळावर खड्डे घेणार आहे. त्याआधी तिथे काय काय उगवतं याची यादी करावी, असं मी सरांना सांगितलंय. मारवेल आणि कुसळी ओळखता येणारं गावाकडचं कोणी असेल तर मेसच्या नोटिस बोर्डवर नाव लिहा. मला सगळं गवत सारखंच दिसतं.