श्वेतपेशींच्या खुणा आणि श्वसनरोगाची तीव्रता

एकाच घरातील दोन माणसांना एकाच विषाणूची बाधा होते. त्यांपैकी एक चार दिवसांत बरा होतो, तर दुसऱ्याला प्राणवायू द्यावा लागतो. हा फरक केवळ विषाणूमुळे पडत नाही. वय व जुन्या व्याधी यांप्रमाणेच शरीरातील रक्षक पेशींची स्थितीही त्यास कारणीभूत असते.

या रक्षक पेशी म्हणजे रक्तातील श्वेतपेशी होत. त्यांपैकी लसिकापेशींचे अनेक प्रकार आहेत. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा सारखेच दिसतात. शिपायाच्या बिल्ल्यावरून त्याची पलटण ओळखावी, त्याप्रमाणे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवरून तिचा प्रकार ओळखता येतो. या खुणांना 'सीडी' हे नाव व क्रमांक देण्याची पद्धत १९८२ साली पॅरिस येथील परिषदेत सुरू झाली. सीडी ४ ही खूण असलेल्या पेशी मुख्यतः इतर रक्षक पेशींना साहाय्य करतात. सीडी ८ असलेल्या पेशी विषाणुग्रस्त पेशींचा नाश करतात.

या खुणा वाचावयाच्या कशा? विशिष्ट खुणेलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना चमकणारे रंगद्रव्य जोडून ती रक्ताच्या नमुन्यात मिसळतात. नंतर पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून नेतात. त्यांच्या चमकेवरून यंत्र प्रत्येक प्रकाराची मोजदाद करते.

निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात सामान्यतः १,००० ते ४,००० लसिकापेशी असतात. २०२० साली कोविड-१९ च्या गंभीर रुग्णांत ही संख्या पुष्कळदा १,००० च्याही खाली गेलेली आढळली. सीडी ४ व सीडी ८ या दोन्ही प्रकारांच्या पेशी घटल्या होत्या. उलट, न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी वाढल्या होत्या. म्हणजे विषाणूचा नेमका वेध घेणारे बळ क्षीण झाले होते आणि फुप्फुसांतील दाह मात्र बळावला होता.

हा दाहही घातक ठरतो, हे त्याच वर्षी ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत दिसून आले. दाह आवरणाऱ्या डेक्सामेथासोन या औषधाने कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

तथापि लसिकापेशी इतर अनेक रोगांतही घटतात. म्हणून केवळ एका आकड्यावरून रोगाचे भवितव्य वर्तविता येत नाही. श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू आणि रुग्णाचे वय यांच्या जोडीने पाहिल्यासच या खुणा वैद्याला वेळीच सावध करू शकतात.