चाकांवरचे घर आणि लातूर-नांदेडचे पाणी

नोकरीतून निवृत्त झाल्यावर पतिपत्नींनी काशी-रामेश्वराची यात्रा करावी, हा आपल्याकडील जुना परिपाठ. ख्रिस्ती कुटुंबांत तिची जागा दूरच्या वेळांकणीने किंवा श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या मतमाउली यात्रेने घेतली. मात्र उतारवयातील प्रवास हा नेहमीच अडचणींचा ठरतो. वेळेवर औषध, पथ्याचे अन्न, स्वच्छ शौचालय आणि दुपारी पाठ टेकण्यापुरती जागा या चार गोष्टींची खात्री नसल्याने अनेक वृद्ध दांपत्ये घराबाहेर पडण्याचेच टाळतात. या चारही गोष्टी बरोबर घेऊन चालणारे वाहन म्हणजे कॅराव्हॅन, अर्थात चाकांवरचे घर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि अशा गाड्यांसाठी पाणी, वीज व रस्ता असलेले तळ उभारण्यास उत्तेजन देण्याचे ठरविले. त्याच्या आदल्या वर्षी कृषी पर्यटन धोरण आले होते. शेतावरील मुक्काम आणि स्वतःचे फिरते घर यांची सांगड घालणे त्यामुळे शक्य झाले आहे.

असा प्रवास मराठवाड्यात, विशेषतः लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत कसा करता येईल, याचा विचार येथे केला आहे. हे जिल्हे मुद्दाम निवडण्याचे कारण असे, की फिरत्या घराची खरी परीक्षा निसर्गरम्य किनाऱ्यावर होत नाही. ती होते जेथे पाणी मोजून वापरावे लागते तेथे.

फिरत्या घराची कल्पना या भागाला नवी नाही. बंजारा समाजाचे तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून याच वाटांनी गेले. आषाढीला पंढरीकडे निघणाऱ्या दिंडीमागचा ट्रक पाहावा. तंबू, भांडी, शिधा, अंथरुणे आणि पाण्याचा टँकर असे सारे गावच त्यामागून सरकत असते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजाराबरोबर भटक्या जमातींची पालेही तेथे पडतात. ज्यांनी पाल ठोकून आयुष्य काढले त्यांना कॅराव्हॅनचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच की त्यांनी ते हौसेने केले नाही.

ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही अशा भ्रमंतीला स्थान आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर भागातील मिशनरी हिवाळ्यात बैलगाड्यांवर तंबू लादून गावोगाव दौरे काढीत. मराठी वाचकाला अधिक जवळचे दांपत्य म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १९१७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने कार्य करण्याचे ठरविले. मांडलेला संसार पुनःपुन्हा गुंडाळून दुसऱ्या गावी नेण्याचा जो अनुभव लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला, तो ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी नोंदवून ठेवला आहे. प्रवासाच्या सामानाचा निर्णय घरातील स्त्रीकडे असावा, हा त्यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष कॅराव्हॅनलाही तंतोतंत लागू पडतो.

गाडीची रचना

कॅराव्हॅनमध्ये साधारणपणे दोन ते चार माणसांच्या झोपण्याची सोय, लहानशी शेगडी, शीतकपाट, हात धुण्याचे भांडे व शौचालय असते. वीज स्वतंत्र बॅटरीवर चालते आणि ती गाडीच्या इंजिनावर, छतावरील सौरपट्टीवर किंवा तळावरील जोडणीवर भरून घेता येते. पाण्याच्या बाबतीत मात्र तीन टाक्या लक्षात ठेवाव्या लागतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळीच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचालयाच्या मैल्याची. पहिली टाकी रिकामी झाली तर प्रवास अडतो, म्हणून तिच्याकडे सर्वांचे लक्ष असते. उरलेल्या दोन भरल्या तर प्रवास अडत नाही, कारण अंधारात ओढ्याच्या काठी तोटी उघडणे सोपे असते. नेमक्या याच सोयीने हे पर्यटन बदनाम होण्याची भीती आहे.

हिशेब साधा आहे. दोन माणसांनी काटकसरीने दिवसाला ४० लिटर पाणी वापरले, तर १०० लिटरची टाकी अडीच दिवस पुरते. फवाऱ्याखाली दोघांची मनसोक्त आंघोळ झाली की तीच टाकी एका दिवसात तळ गाठते. तांब्या-बादलीची सवय असलेल्या पिढीला हे शिकवावे लागत नाही.

गाडी विकत घेण्यापेक्षा प्रथम भाड्याने घेऊन पाहणे शहाणपणाचे. ती लांब व उंच असल्याने अरुंद वळणे आणि खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांचा अंदाज नवख्या चालकाला येत नाही. शिवाय २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार वयाच्या ५५ वर्षांनंतर नूतनीकरण केलेला परवाना पाच वर्षांसाठीच असतो, तेव्हा निघण्यापूर्वी त्याची मुदत पाहून घ्यावी. चालक बरोबर घेतला तर त्याच्या झोपण्याची सोय आधी ठरवावी. अनेकदा ती शेवटी आठवते.

लातूर जिल्ह्यात

अहिल्यानगरचे एखादे निवृत्त दांपत्य डोळ्यांसमोर आणावे. पती शिक्षक, पत्नी परिचारिका. नाताळ मुलानातवंडांबरोबर साजरा करून ते डिसेंबरअखेरीस निघाले, तर बीड-अंबाजोगाईमार्गे लातूरला येतील. हवा कोरडी व थंड असते आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या गाडीला हाच काळ मानवतो.

लातूर शहराच्या मध्यभागी गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ आहे आणि सोळा रस्ते तेथे येऊन मिळतात. नगररचनेचा हा नमुना पाहावा तो पायी. कॅराव्हॅन त्या सोळांपैकी एकाही रस्त्यात घालू नये. औशाचा भुईकोट किल्ला आणि त्याच तालुक्यातील खरोसा येथील लेणी एका दिवसात होतात. उदगीरच्या किल्ल्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामावर मिळविलेल्या विजयाशी या गावाचे नाव जोडलेले आहे.

किल्लारीला जावे, परंतु प्रेक्षणीय स्थळ म्हणून नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात या परिसरातील हजारो माणसे झोपेत गाडली गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद, हीच घरे त्यांच्यावर कोसळली. नंतर अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील रुंद, सरळ रस्त्यांवर मोठी गाडी सहज वळते. जुन्या गावातील गल्ल्या आणि शेजार मात्र त्या आखणीत बसला नाही, असे तेथील वडीलधारे बोलून दाखवितात. पाहुण्याने त्यांच्याशी बोलताना घाई करू नये.

लातूरचे नाव पाण्याशी जोडले गेले ते २०१६ मध्ये. शहराला पाणी पुरविणारे मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. ११ एप्रिल रोजी मिरजेहून रेल्वेची गाडी दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. त्या दिवसांत घरोघरी घागरींच्या रांगा कशा लागत, हे येथील लहान मुलेही सांगू शकत. अशा जिल्ह्यात परक्या गाडीने गावच्या हातपंपाखाली नळी लावून टाकी भरणे हे कायद्याने गुन्हा असो वा नसो, गावाच्या डोळ्यांत खुपणारच. पाणी तळावर किंवा शहरात पैसे देऊन भरावे, गावात लागले तर ग्रामपंचायतीला विचारावे आणि पावसाने ओढ दिलेल्या वर्षी शौचालयासाठी मुक्कामाच्या तळावरील सोय वापरावी. मैल्याची टाकी नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या परवानगीने योग्य ठिकाणीच रिकामी करावी लागते. कॅराव्हॅन तळांची आखणी करताना नळाइतकेच महत्त्व या निचऱ्याला दिले पाहिजे. नळाची जाहिरात करता येते, निचऱ्याची येत नाही, हीच अडचण आहे.

नांदेडकडे

लातूर-नांदेड हे अंतर सुमारे १४० किलोमीटर असून राष्ट्रीय महामार्ग ३६१ चाकूर, अहमदपूर व लोहा या गावांवरून जातो. तिथी जुळून आली तर माळेगावची यात्रा याच प्रवासात पाहता येते. लोह्याहून कंधारला वळावे. कंधारच्या किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे आणि गावाजवळ जगत्तुंग समुद्र नावाचा विस्तीर्ण तलाव राष्ट्रकूट काळाची साक्ष देतो. कमी पावसाच्या मुलखात राज्य करणाऱ्यांनी तलावाला समुद्र म्हणावे, यात त्यांचा अभिमान दिसतो आणि गरजही.

नांदेडला गोदावरी भेटते. लातूरची मांजरा दक्षिणेला वळसा घालून पुढे तेलंगणातील कंदकुर्तीजवळ याच गोदावरीला मिळते. शहराजवळ विष्णुपुरी येथील धरणाच्या शंकर सागर जलाशयातून पाणी उचलून शेतीला दिले जाते. दहावे गुरू श्री गुरुगोविंदसिंगजी यांचे १७०८ मध्ये येथे देहावसान झाले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या प्रेरणेने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली आणि २००८ मध्ये गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा येथे झाला. दूरदूरच्या प्रांतांतून रस्त्याने येणाऱ्या जथ्यांचे हे गाव असल्याने मोठ्या गाडीतून उतरणारा थकलेला प्रवासी येथे नवा नाही. गाडी गर्दीबाहेर उभी करावी, डोके झाकून जावे, तंबाखू जवळ बाळगू नये. लंगरमध्ये धर्म विचारला जात नाही. पंगतीत मांडी घालून बसणे गुडघ्यांना जमेल का, एवढाच प्रश्न आपल्या दांपत्यापुढे असेल.

रविवारच्या उपासनेची चिंता त्यांना पडू नये. नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत ख्रिस्ती मंडळ्या आहेत, आणि १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांतात हे दोन्ही जिल्हे येतात. संख्येने लहान असलेल्या अशा मंडळीत परगावचा पाहुणा आला की उपासनेनंतर चहाला थांबविले जाते आणि सोयरीक कोठेतरी निघतेच. एका वेळचा स्वयंपाक वाचतो, पाणीही वाचते.

सवड असेल तर उत्तरेला किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात जावे. वाटेत पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा लागतो, पण हिवाळ्याच्या अखेरीस त्याची धार बारीक झालेली असते. माहूरला रेणुकामातेचे शिखर आहे. चढ तीव्र आणि वळणे अवघड असल्याने अवजड गाडी गावात सुरक्षित ठिकाणी उभी करावी व वर जाण्यासाठी स्थानिक वाहन घ्यावे. निघण्यापूर्वी गॅसची तोटी बंद केली आहे, पाण्याचा पंप बंद आहे आणि चाकांना दगड लावले आहेत, हे दोघांपैकी एकाने खाली उतरून पाहावे.