नोकरीच्या शोधातील दिवसांचा रोजमेळ

धान्य फार दिवस पडून राहिले की त्याला कीड लागते. तुरीला भुंगा, गव्हाला सोंडा. व्यापारी म्हणून त्याला वेळोवेळी ऊन दाखवितो. नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणाच्या दिवसांचेही असेच आहे.

प्रस्तुत लेखकाने 1977 साली मॅट्रिक झाल्यावर आठ महिने केवळ टपालवाल्याची वाट पाहण्यात दवडले. अखेर एका पेढीवरून बोलावणे आले. शेटजींनी रोजमेळ पुढे ठेवून शिल्लक काढावयास सांगितली. ती जुळली नाही व नोकरीही गेली. वडील रागावले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, "आठ महिन्यांची शिल्लक किती?" त्यास उत्तर नव्हते. दुसऱ्याच दिवसापासून बेळगावच्या रविवार पेठेत काकांच्या दुकानी सकाळी मालाची पारख, दुपारी खतावणी व सायंकाळी कन्नड लिहिण्याचा सराव सुरू झाला. पाच महिन्यांत काम मिळाले.

त्या अनुभवावरून दिवसाचे तीन भाग सुचवितो. पहिले दोन तास अर्ज व भेटीगाठी यांस द्यावेत. कोठे, केव्हा अर्ज केला व उत्तर काय आले, याची वही ठेवावी. पुढील तीन तास एकाच विद्येस द्यावेत. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याची बिले व विवरणपत्रे बिनचूक करणारा माणूस प्रत्येक दुकानास हवा असतो. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर अनेक विषयांचे पाठ विनामूल्य आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क पडते. उरलेल्या वेळात एखाद्या पेढीवर बसून प्रत्यक्ष व्यवहार पाहावा. सीमाभागात मराठीबरोबर कन्नडही लिहिता येणे, ही मोठीच पुंजी होय.

रात्री रोजमेळ लिहावा. हाती आलेले तास जमेस, ते कशात गेले ते नावे. आठवड्याने पाने चाळली असता गळती कोठे आहे, हे आपोआप दिसते.

व्यापारी बंधूंसही एक विनंती आहे. होतकरू मुलास पेढीवर बसू द्यावे; परंतु त्याच्या गरजेचा लाभ घेऊन फुकट राबवू नये, निदान जाण्यायेण्याचा खर्च द्यावा. लग्नकार्यात भेटल्यावर "नोकरी लागली का?" असे विचारण्याऐवजी "सध्या काय शिकतोस?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने तो मान खाली घालतो. दुसऱ्यास उत्तर देता यावे म्हणून तरी तो काही शिकू लागेल.