अधिकारमर्यादा आणि संगणक : एका दुरुस्तीचा बोध

कोणत्याही कार्यालयाचा कारभार अधिकारांच्या विभागणीवर चालतो. लिपिकाने टिपणी सादर करावी, सक्षम अधिकाऱ्याने मंजुरी द्यावी आणि अभिलेखागारातील मूळ नोंदवहीत परस्पर फेरफार होऊ नये, हा दंडक सर्वांच्या परिचयाचा आहे. संगणकातही अशीच व्यवस्था असते व ती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली, सांभाळते. सामान्य वापरकर्त्यास आपल्यापुरत्या फायली बदलता येतात. संपूर्ण यंत्रणेवर अधिकार चालतो तो प्रशासकाच्या खात्याचा. लिनक्स या कार्यप्रणालीत त्या खात्यास ‘रूट’ म्हणतात. एखाद्या उणिवेचा लाभ घेऊन सामान्य वापरकर्ता प्रशासकाचे अधिकार बळकावू शकत असेल, तर तो अधिकारवृद्धीचा दोष होय. अशा दोषाची दुरुस्ती केव्हा पूर्ण झाली असे मानावे, हे ‘डर्टी काऊ’ या नावाने गाजलेल्या दोषाच्या इतिहासावरून चांगले समजते.

दोषाचे स्वरूप

लिनक्सच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. स्मृतीची बचत व्हावी म्हणून कर्नल एकाच मजकुराची एकच मूळ प्रत अनेक प्रोग्रॅमना वाचावयास देतो. एखादा प्रोग्रॅम आपल्यापुरता त्यात बदल करू लागला, की त्याच्यासाठी स्वतंत्र नक्कल तयार होते आणि बदल त्या नकलेवर होतो. या पद्धतीस ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात. त्यातील इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘काऊ’ हे नाव आले.

मात्र हे काम एका दमात होत नसे. नक्कल तयार झाली, की विनंती लेखनासाठी आहे ही खूण कर्नल काढून टाकी व नंतर ते पान पुन्हा शोधी. नेमक्या त्या क्षणी त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या धाग्याने ‘नक्कल टाकून द्या’ अशी सूचना दिली, तर कर्नलची फसगत होई. लेखनाची खूण उरलेली नसल्याने विनंती केवळ वाचनाची आहे असे समजून तो मूळ प्रतच पुढे करी, आणि लेखन थेट मुळावर होई. वेळ साधणे अवघड खरे. परंतु संगणक असे प्रयत्न अल्पावधीत हजारो वेळा करू शकतो. अशा रीतीने केवळ वाचनाची परवानगी असलेल्या, प्रशासकाच्या मालकीच्या फायलीही बदलता येत.

दुरुस्तीचा इतिहास

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली या उणिवेवर उपाय योजला होता. परंतु आयबीएमच्या एस-३९० जातीच्या संगणकांवर त्यामुळे अडचणी उद्भवल्या, म्हणून तो मागे घेण्यात आला. तेव्हा ही उणीव केवळ तात्त्विक वाटत होती. पुढे कर्नलच्या रचनेत बदल होत गेले आणि ती साधणे सोपे झाले. २००७ साली प्रसृत झालेल्या २.६.२२ या आवृत्तीपासूनचे कर्नल या दोषास बळी पडू शकत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये फिल ऑस्टर यांनी हा दोष उजेडात आणला, तेव्हा त्याचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झालेला होता.

त्याच महिन्यात दुरुस्ती प्रसृत झाली. ती अवघ्या काही ओळींची होती. लेखनाची खूण काढून टाकण्याऐवजी ‘नक्कल झालेली आहे’ अशी वेगळी खूण ठेवावी आणि ती नक्कल अद्याप जागेवर आहे याची खात्री करूनच पुढे जावे, हे तिचे सार. तरीही मोठ्या आकाराच्या स्मृतिपृष्ठांच्या बाबतीत ती अपुरी असल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये आढळले. या उणिवेची व्याप्ती मर्यादित होती. तीही दूर करण्यात आली.

उपाय असूनही हानी

अँड्रॉइड भ्रमणध्वनी लिनक्सच्याच कर्नलवर चालतात. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने ‘झेडएनआययू’ नावाच्या घातक प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. तो याच दोषाचा वापर करीत होता. चाळीसहून अधिक देशांत पाच हजारांवर वापरकर्ते बाधित झाल्याचे तिला आढळले व त्यांत चीन आणि भारत येथील लोकांचा भरणा अधिक होता. मूळ दुरुस्ती उपलब्ध होऊन तोपर्यंत जवळजवळ एक वर्ष लोटले होते. उपाय तयार होता. तो त्या यंत्रांपर्यंत पोहोचलेला नव्हता.

आपले कर्तव्य

आदेश निघणे आणि त्याची अंमलबजावणी होणे यांतील अंतर प्रशासनातील प्रत्येकास ठाऊक आहे. येथेही तोच न्याय लागू पडतो. कार्यालय, शाळा व ग्रामपंचायत यांतील संगणकांची नोंद ठेवावी आणि कोणत्या संगणकावर कोणती सुधारणा केव्हा बसविली, हे तीत लिहावे. कर्नलची सुधारणा सामान्यतः संगणक पुन्हा सुरू केल्याखेरीज लागू होत नाही, याचे विस्मरण होऊ देऊ नये. प्रशासकाचे खाते दैनंदिन कामासाठी वापरू नये, प्रत्येकास स्वतंत्र खाते द्यावे व बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते बंद करावे. ज्या यंत्रांना निर्मात्याकडून सुधारणा मिळणे थांबले आहे, त्यांवर महत्त्वाची माहिती ठेवू नये. दुरुस्ती लिहिणारे तज्ज्ञ दूर असले, तरी ती पूर्णत्वास नेण्याची जबाबदारी यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचीच असते.