ऊठ, उठा आणि 'सिएर्रा'

इंजिनिअरिंगला असताना स्पॅनिश कशाला, हा प्रश्न मला घरी, होस्टेलवर आणि एकदा तर व्हायव्हालाही विचारला गेलाय. त्याचं उत्तर इथे पुन्हा देत नाही. शनिवार-रविवारचा क्लास लावला आणि पहिले दोन महिने मजेत गेले, कारण स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' जवळपास आपलेच. मग आला आज्ञार्थ.

चाचणीत 'दार लाव' असं लिहायचं होतं. लावणे, बंद करणे म्हणजे 'सेर्रार'. शेवटचा 'र' काढला की 'तू'साठीची आज्ञा तयार, हा नियम पाठ होता. हाब्लार म्हणजे बोलणे. हाब्ला म्हणजे बोल. मी बिनधास्त 'सेर्रा ला पुएर्ता' असं लिहून मोकळा झालो. त्यावर लाल पेनाची काट. बरोबर उत्तर होतं 'सिएर्रा'. दहापैकी सहा मार्क याच एका चुकीपायी गेले, आणि मधला 'इ' कुठून टपकला ते काही कळेना.

ते कळलं घरी जाताना. पुण्याहून लोकलने तळेगाव आणि तिथून शेअर रिक्षाने सोमाटणे फाटा, हा माझा नेहमीचा रस्ता. रिक्षा भरलेली, त्यात एक आजी चढल्या. रिक्षावाला एका शाळकरी पोराला म्हणाला, "ए, ऊठ, पुढं ये." फाटा आला तरी आजी पिशवी सावरत बसलेल्याच. तेव्हा तो म्हणाला, "आजी, उठा, फाटा आला."

ऊठ, पण उठा. शीक, पण शिका. फीर, पूस, पण फिरा, पुसा. धातू तोच, तरी त्याचा स्वर एकदा दीर्घ आणि एकदा ऱ्हस्व. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत हेच आहे: शब्दाच्या शेवटी 'अ' असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. नियम आठवत नसला तरी तोंड तो पाळतं. मागे 'आ' चिकटला की शब्दाचं वजन पुढे सरकतं आणि 'ऊ'चा 'उ' होतो.

स्पॅनिशमध्ये हे वजन म्हणजे जोर, आघात. लॅटिनमधल्या ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' वर आघात पडला तिथे स्पॅनिशमध्ये ते फुटून 'इए' आणि 'उए' झाले. आघात दुसरीकडे गेला तिथे जसेच्या तसे राहिले. 'सेर्रार' म्हणताना जोर शेवटच्या 'रार'वर असतो, म्हणून 'से' शाबूत. आज्ञा करताना जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि 'सिएर्रा' होतं. गंमत म्हणजे पुरावा माझ्याच वाक्यात होता. दार 'पुएर्ता', पण दरवान 'पोर्तेरो'; जोर 'ते'वर गेला आणि 'ओ' परत आला. आपलं फूल आणि फुलवाला आठवा.

आता 'कोन्तार' (मोजणे, सांगणे) याचं 'कुएन्ता', 'बोल्बेर' (परतणे) याचं 'बुएल्बे' आणि 'दोर्मीर' (झोपणे) याचं 'दुएर्मे' आपोआप जमेल.

पण इथेच एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. मराठीत आदरार्थी रूपात दीर्घ स्वर जातो, म्हणून मी स्पॅनिशमध्येही 'लावा'साठी 'सेर्रे' करून बसलो. चूक! तिथे आदराच्या रूपातही जोर पहिल्या अक्षरावरच राहतो, म्हणून 'सिएर्रे'. बदलतो तो फक्त शेवटचा स्वर, तोही अदलाबदलीने. 'आर'वाल्या धातूंत तू-ला 'आ' आणि आपण-ला 'ए': सिएर्रा, सिएर्रे. 'एर' आणि 'ईर'वाल्यांत उलट: बुएल्बे, बुएल्बा. अनेकांना सांगायचं तर पुढे 'न' लावा: सिएर्रेन, बुएल्बान. 'आपण लावू या' म्हणताना मात्र जोर पुढे सरकतो आणि धातू मूळपदावर येतो: सेर्रेमोस. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला म्हणतात ते 'सेर्राद', तेही तसंच.

'ईर'वाले धातू जरा हट्टी आहेत. 'पेदीर' (मागणे) आणि 'सेगीर' (पुढे जात राहणे) यांत 'ए'चा सरळ 'ई' होतो: पीदे, सीगे, आदराने पीदा, सीगा. 'आपण'च्या रूपातही ते पूर्ण माघार घेत नाहीत: पिदामोस, दुर्मामोस. हे घोकायलाच लागतं. 'सीगा' मात्र माझं आवडतं. शिरगावच्या साईमंदिराची वाट विचारणारे भाविक फाट्यावर नेहमी भेटतात. 'सरळ जा' म्हणताना मी मनात 'सीगा देरेचो' म्हणून घेतो.

प्रत्येक 'ए' आणि 'ओ' फुटतो असंही नाही. 'कोमेर'चं (खाणे) साधं 'कोमे' होतं. कुठला फुटतो ते बऱ्याच शब्दकोशांत धातूपुढे कंसात दिलेलं असतं, ते पाहूनच शब्द वहीत उतरवा. 'तेनेर' आणि 'बेनीर' यांची 'तेन' आणि 'बेन' ही आखूड रूपं वेगळी पाठ करा. आपलं 'ये' आणि 'या' तरी कुठे नियमात बसतं?

रिक्षातलं दुसरं वाक्य राहिलं: बस आणि बसा. स्पॅनिशमध्ये 'स्वतःला बसवणे' म्हणतात, 'सेन्तार्से'. सर्वनाम आज्ञेच्या शेपटीला जोडायचं: सिएन्ताते, सिएन्तेसे. शब्द लांबला तरी जोर 'ए'वरून हलू द्यायचा नाही, म्हणून लिहिताना त्या 'ए'वर तिरकी रेघ देतात.

पुढे कळलं की अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस' म्हणतात आणि त्याची आज्ञा 'सेर्राद'चा 'द' गळून झालेली आहे. जोर शेवटी, म्हणून 'इ' नाही: सेर्रा! म्हणजे माझं उत्तर ब्युनोस आयर्समध्ये बरोबर ठरलं असतं. धावत जाऊन सरांना पेपर दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "शेवटच्या 'आ'वर रेघ कुठेय?" मार्क काही मिळाला नाही.